अख्खी मॅहॉगनीची छोटी गिटार: दुरुस्तीच्या आणि आवाजाच्या नोंदी

६ जानेवारी

डबल-ओ मापाची, म्हणजे लहान अंगाची, वापरलेली गिटार. टॉप (तारांखालची पुढची फळी), पाठ, कडा आणि मान सगळं मॅहॉगनी. फिंगरबोर्ड आणि ब्रिज (टॉपवर तारा जिथे अडकवतात ती पट्टी) तेवढे रोझवुडचे. खालचा फुगवटा ३६३ मिमी, स्केल (तारेची वाजणारी लांबी) ६३२ मिमी, मान चौदाव्या फ्रेटपाशी (फिंगरबोर्डवरची धातूची आडवी पट्टी) अंगाला मिळते. फिनिश पातळ आणि मॅट. आधी वाजवणाऱ्याचा उजवा हात जिथे टेकायचा तिथे घासून चकाकी आली आहे. ओरखडे पुष्कळ, तडा कुठेच नाही.

टॉप प्लायचा नाही याची आधी खात्री करून घेतली. स्प्रूसच्या (टॉपला एरवी वापरतात ते फिकट लाकूड) रेषा साउंडहोलच्या, म्हणजे टॉपमधल्या गोल भोकाच्या, कडेवर सरळ आत उतरताना दिसतात, तिथे शंका राहत नाही. मॅहॉगनीच्या रेषा तेवढ्या ठळक नसतात. म्हणून आत आरसा घालून बाहेरची एक गडद शीर आतल्या बाजूला त्याच जागी सापडते का ते पाहिलं. सापडली. पाठीचंही तसंच.

मापं: बाराव्या फ्रेटवर जाड ई तारेखाली ३.२ मिमी, बारीक ई खाली २.५ मिमी. मानेला बाक जास्त, सातव्या फ्रेटपाशी ०.४५ मिमी. हे सगळं सुधारण्यासारखं आहे. धास्ती होती ती मानेच्या कोनाची. फ्रेटवर सरळपट्टी ठेवून पुढे सरकवली, तर ती ब्रिजच्या माथ्यावरून निसटती जाते. कोन शाबूत आहे. तीच पट्टी ब्रिजच्या अंगावर खाली आदळली असती तर मान सोडवून पुन्हा बसवावी लागली असती. वापरलेली गिटार बघताना ओरखड्यांकडे नंतर पाहावं, ही पट्टी आधी ठेवावी. फिनिश कितीही सुंदर असलं तरी कोन गेलेला असेल तर पुढचं सगळं काम तात्पुरतं ठरतं.

ब्रिजमागे टॉप किंचित फुगलेला आहे. सगळ्या तारांचा मिळून ७० किलोच्या आसपास ताण इतकी वर्षं सोसल्यावर एवढा फुगवटा येतोच. तो असू द्यायचा.

दोष एकच ऐकू आला. मोकळी ए तार छेडली की पोटात काहीतरी झणझणतं. मोकळ्या ई वर नाही, डी वर नाही. फक्त ए वर, आणि जाड ई तारेच्या चौथ्या-पाचव्या फ्रेटवर.

८ जानेवारी

जुन्या तारा गंजल्या होत्या. नव्या चढवल्या, १२-५३ जाडीच्या (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेचं माप, इंचाच्या हजाराव्या भागात), फॉस्फर ब्राँझ. दुरुस्तीला हात लावण्याआधीचा आवाज रेकॉर्ड करून ठेवला: माइक एक फूट अंतरावर, चौदाव्या फ्रेटकडे रोखलेला. पुढे तुलना करताना हेच अंतर, हीच जागा.

मग तारा कापडाने दाबून धरल्या आणि ब्रिजवर बोटाच्या पेराने टकटक केली. फोनमधल्या स्पेक्ट्रमच्या ॲपवर दोन शिखरं स्पष्ट दिसली: एक १०९ हर्ट्झच्या आसपास, दुसरं २०५ च्या. साउंडहोलवर पुठ्ठा धरला की पहिलं शिखर नाहीसं होतं. म्हणजे ते पोटातल्या हवेचं. दुसरं टॉपच्या लाकडाचं.

झणझणीचा उलगडा इथेच झाला. मोकळी ए तार ११० हर्ट्झची. त्या स्वराला आतली हवा सगळ्यात जोरात हलते, टॉपही तिच्याबरोबर हलतो, आणि आत जे काही सुटलेलं असेल ते नेमकं तेव्हाच वाजतं. जाड ई तार पाचव्या फ्रेटवर दाबली की तोच स्वर. चौथ्या फ्रेटवरचा जी शार्प १०४ हर्ट्झचा, तोही शेजारचाच. ड्रेडनॉटसारख्या मोठ्या गिटारमध्ये हवेचं शिखर साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतं. पोट लहान झालं की ते वर सरकतं. छोट्या गिटारच्या आवाजाचं अर्धं गणित मला या एका आकड्यात दिसतं. मोकळी जाड ई ८२ हर्ट्झची, म्हणजे शिखराच्या बरीच खाली. तिथे टॉपमधून निघणारी लाट आणि साउंडहोलमधून निघणारी लाट एकमेकींना खोडतात. त्यामुळे खालच्या ई चा मूळ स्वर हवेत फारसा पोचतच नाही. त्याचे उपस्वर ऐकून कान तो भरून काढतो. ए वर आलं की मात्र एकदम घुमारा येतो. या गिटारचा खर्ज ए आहे, ई नाही, असं समजून तिच्यावर चाली बसवाव्यात.

९ जानेवारी

कालच्या रेकॉर्डिंगवर पुन्हा बसलो. काय ऐकू येतं ते काम सुरू होण्याआधी लिहून ठेवतो.

बी तार सर्वांत सुंदर. तिसऱ्या ते आठव्या फ्रेटपर्यंत स्वर गोल, भरीव, आणि सुरुवातीला टणक आघात नाही. जी तार तशीच, पण आस थोडी कमी. बारीक ई पातळ होत नाही. स्प्रूसच्या गिटारवर ती कधीकधी सुईसारखी टोचते, तसं इथे अजिबात नाही. कॉर्ड वाजवला की त्यातले स्वर वेगवेगळे मोजता येतात, कारण प्रत्येक स्वराभोवती उपस्वरांचा गोतावळा कमी आहे. मूळ स्वर पुढे, बाकीचे मागे.

जोरात स्ट्रम केलं की एका पातळीनंतर आवाज वाढत नाही, नुसता दाटतो. कारण लाकडातच आहे. स्प्रूस घनमीटरला ४०० ते ४५० किलोच्या घरातलं, तर मॅहॉगनी ५५० ते ६०० च्या. वजनाच्या मानाने ताठरपणा स्प्रूसमध्ये जास्त असतो. म्हणून स्प्रूसची फळी कमी वजनात तारांचा ताण पेलते आणि जोर लावला की जोरात उत्तर देते. मॅहॉगनीची फळी हलवायलाच जास्त ताकद लागते, आणि वरच्या कंपनांचा बराचसा भाग ती स्वतःतच जिरवते. काही जण याला उणीव म्हणतात. मला हा या गिटारचा स्वभाव वाटतो आणि पुढचं सगळं काम त्याला धरूनच करायचं आहे. तिच्यातून स्प्रूसची चमक ओढून काढण्यासाठी काहीही करायचं नाही.

लाकडाच्या जातीबद्दल एक नोंद. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली मोठ्या पानांची मॅहॉगनी २००३ पासून साइट्स या, धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. तेव्हापासून तिच्या व्यापारावर परवान्यांचं बंधन आहे. त्यामुळे सापेली आणि खाया या आफ्रिकी लाकडांचा वापर खूप वाढला आणि पुष्कळदा तीही मॅहॉगनी याच नावाखाली विकली जातात. सगळी एकाच कुळातली, ज्यात कडुनिंब येतो आणि सतार-तंबोऱ्यासाठी वापरलं जाणारं तून लाकूडही येतं. सापेली सहसा जास्त जड असते आणि तिच्यावर फितीसारखे सरळ, उजळ-गडद पट्टे असतात. या गिटारवर तसे पट्टे नाहीत, छिद्रं मोठी आणि रंग विटकरीकडे झुकणारा. मी तिला खरी मॅहॉगनी धरून चाललो आहे.

११ जानेवारी

झणझण सापडली. तारा उतरवल्या, आत लांब दांडीचा आरसा आणि छोटा दिवा घातला. एक्स ब्रेसचा (टॉपला आतून आधार देणाऱ्या फुलीच्या आकाराच्या पट्ट्यांचा) खालचा पाय, बारीक तारांच्या बाजूचा, टोकाकडे टॉपपासून सुटला आहे. फट मोजायची ०.०५ मिमीची फीलर पट्टी दोनएक इंच सहज आत जाते. बाहेरून त्या जागेवर बोटाने वाजवलं तर ठक असा कोरा आवाज, शेजारी भरीव.

फटीत जुन्या सरसाचा पिवळसर थर होता. कोमट पाण्याने ओलावलेली पातळ पट्टी फिरवत राहिलो, तो मऊ होऊन निघत गेला. या कामाला घाई नको. जुना थर राहिला तर नवा त्याच्यावर बसतो, लाकडाला धरत नाही. मग माशाचा सरस वापरला. गरम सरस पकडीला उत्तम, पण साउंडहोलमधून हात घालून तो फटीत पसरेपर्यंत गोठू लागतो. माशाचा सरस सवड देतो. पट्टीने आतपर्यंत पोचवला, टॉपला बाहेरून चपटा लाकडी ठोकळा, आतून छोटा स्क्रू-जॅक, आणि बाहेर आलेला सरस ओल्या फडक्याने लगेच पुसला. जॅक कसताना टॉप वर उचलला जाता कामा नये; फट मिटली की थांबायचं.

उद्या दिवसभर हात लावायचा नाही.

१३ जानेवारी

जॅक काढला. तारा चढवल्या. ए स्वच्छ.

टकटक करून पुन्हा पाहिलं: टॉपचं शिखर काही हर्ट्झ वर गेलं आहे आणि आधीपेक्षा टोकदार झालं आहे. ब्रेस पुन्हा फळीला धरून असल्यामुळे टॉप किंचित ताठ झाला. कानालाही फरक कळतो, पण तो ए वर नाही, बी तारेवर. स्वर आता अर्धवट विरत नाही, शेवटपर्यंत एकसारखा मावळतो. सुटलेली ब्रेस नुसती वाजत नव्हती; त्या भागात पोचलेली कंपनं खातही होती.

१४ जानेवारी

मानेचा बाक. ट्रस रॉडचं (मानेतल्या, बाक कमी-जास्त करणाऱ्या धातूच्या दांडीचं) तोंड साउंडहोलमध्ये. पाव फेरा कसला, तारा सुरात आणल्या, थांबलो, मापलं. मग आणखी थोडा. आता सातव्या फ्रेटपाशी ०.१८ मिमी. बाराव्या फ्रेटवरची उंची ३.२ वरून ३.० वर आली. उरलेली उंची ट्रस रॉडने कमी करायची नसते, ते सॅडलचं (ब्रिजच्या खाचेतली, तारा टेकतात ती पट्टी) काम. रॉडने उंची उतरवायला गेलं की मान सपाट होते आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर तारा घासू लागतात.

१८ जानेवारी

सॅडल. मूळची प्लास्टिकची, खाचेत सैल, तळ गोलसर घासलेला. नवीन हाडाची बनवतो आहे.

हाड आणि प्लास्टिक यांच्या आवाजातल्या फरकाविषयी फार बोललं जातं. माझ्या अनुभवात सॅडलचा तळ सपाट असणं आणि ती खाचेत नीट बसणं याने जेवढा फरक पडतो तेवढा पदार्थाने पडत नाही. तळ काचेवर पसरलेल्या पॉलिश पेपरवर घासला, रेषा मारून तपासला, पुन्हा घासला. जाडी अशी की बोटांनी दाबली तर आत जावी आणि गिटार उलटी केली तर पडू नये.

उंचीचा हिशोब: बाराव्या फ्रेटवर जेवढं उतरवायचं त्याच्या दुप्पट सॅडलवरून काढायचं, कारण बारावा फ्रेट बरोबर मध्यावर असतो. जाड ई तारेला ३.० वरून २.३ हवं, म्हणजे जुन्या उंचीपेक्षा १.४ मिमी कमी. २.० पर्यंतही उतरवता आलं असतं, बोटांना ते सुखाचं. पण या टॉपला हलवायला तार मोकळेपणाने झुलावी लागते आणि खाली जागा नसेल तर झुलण्याआधीच ती फ्रेटला लागते. शिवाय सॅडल जितकी उंच तितकी ती टॉपला जास्त फिरवते. जड टॉपला ती मदत हवी आहे. ब्रिजच्या वर अजून तीन मिमीहून जास्त सॅडल शिल्लक आहे, ते मी राखून ठेवतो.

१९ जानेवारी

सॅडलचा माथा. या एका कामावर दिवस गेला आणि तो जायलाच हवा होता.

तंबोऱ्याची जवारी ज्याने जवळून ऐकली आहे त्याला हे वेगळं सांगावं लागणार नाही. तिथे घोडीचा माथा रुंद आणि किंचित उतरता ठेवतात. तार त्याच्यावर चाटून जाते आणि त्यातून उपस्वरांचा झोत उठतो. गिटारच्या सॅडलवर नेमकं उलट साधायचं असतं: तार एका बारीक, स्पष्ट कड्यावरून सुटली पाहिजे. जुन्या सॅडलवर डी आणि जी तारांखाली माथा चपटा झाला होता, खाचा पडल्या होत्या, आणि त्या दोन तारांच्या स्वरात एक बारीक घरघर मिसळलेली होती. मॅहॉगनीच्या गिटारमध्ये ती जास्त खटकते, कारण स्वर इतका उघडा असतो की त्याच्या कडेचा कचरा लपत नाही.

प्रत्येक तारेसाठी कडा वेगळ्या जागी घेतला. बी तारेचा मागे, जी चा पुढे, जाड ई चा पुन्हा मागे. बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर आणि त्याच जागेचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला स्वर) ट्यूनरवर जुळेपर्यंत बारीक कानशीने एकेक झटका. जाड तारेचा गाभा जाड, ती दाबली की स्वर जास्त चढतो, म्हणून तिला लांबी थोडी जास्त द्यावी लागते. शेवटी माथा पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने गुळगुळीत केला.

घरघर गेली. डी तार आता बी च्या जवळ आली आहे, एकाच गिटारची वाटते.

२३ जानेवारी

तारांची परीक्षा. गिटार तीच, माइक तिथेच, वाजवण्याचे तुकडे तेच.

११-५२ जाडीच्या तारा आधी. बोटांना हलक्या, वाकवायला सोप्या. पण टॉप जागा होत नाही. छोट्या स्केलमुळे ताण आधीच कमी असतो: ६३२ ऐवजी ६४५ मिमीचं स्केल असतं तर त्याच तारेला सुमारे चार टक्के जास्त ताण लागला असता. त्यात तार आणखी बारीक केली की ए वरचा घुमारा निघून जातो आणि उरतो तो नुसता टिणटिणाट.

मग १२-५३, ८०/२० ब्राँझच्या (८० टक्के तांबं, २० टक्के जस्त). पहिल्या दिवशी वर एक चकाकी असते, कॉर्ड उघडा होतो, स्ट्रमला धार येते. ज्याला गर्दीतून ऐकू जायचं आहे त्याने याच घ्याव्यात. पण बी तारेचं गोलपण त्या चकाकीखाली दबतं. गिटार स्प्रूसच्या दिशेने अर्ध्यावर जाऊन उभी राहते, तिथे पोचत मात्र नाही.

पुन्हा फॉस्फर ब्राँझ, १२-५३. तांब्यात कथिल आणि थोडा फॉस्फरस असलेला हा मिश्रधातू गिटारच्या तारांमध्ये १९७४ साली आला. त्यात मूळ स्वर भरीव राहतो आणि वरची चमक संयत असते. याच ठेवतो.

या सगळ्यात एक इतिहास मनात होता. मार्टिन कंपनीने १९२२ साली २-१७ हे मॉडेल मॅहॉगनीच्या टॉपसह काढलं आणि ते पोलादी तारांसाठीच घडवलं होतं. तोवर त्यांच्या गिटार मुख्यतः आतड्याच्या तारांच्या हिशोबाने बनत. पुढे १७ आणि १९४० पासून १५ या शैलीत लहान अंगाच्या, नक्षी नसलेल्या, साध्या गिटार निघत राहिल्या आणि ज्यांना महागडी गिटार परवडत नव्हती त्यांच्या हातात त्या गेल्या. पोलादी तारेचा टणकपणा आणि मॅहॉगनीचा मवाळपणा एकमेकांना तोलतात. ही जोडी काटकसरीतून आली असेल, पण आवाजाच्या दृष्टीने ती पुरेपूर जमलेली आहे.

२ फेब्रुवारी

हवा कोरडी झाली होती, आर्द्रता ३८ टक्के. फ्रेटची टोकं बोटाला जाणवू लागली आणि टॉप किंचित बसला. केसमध्ये ओलावा देणारी पिशवी ठेवली. ४७ टक्क्यांवर आल्यावर मापं पुन्हा जागेवर. मॅहॉगनी आक्रसण्या-फुगण्यात बऱ्याच लाकडांपेक्षा शांत असते, पण टॉप अडीच-तीन मिमी जाडीचाच आहे. ४५ ते ५५ टक्के राखायचे.

९ फेब्रुवारी

गाणारी एक मैत्रीण आली होती. तिच्याबरोबर आधी स्प्रूसची ड्रेडनॉट वाजवली, मग ही. दोन्ही रेकॉर्ड केल्या, त्याच माइकवर.

खोलीत ड्रेडनॉट मोठी आणि देखणी वाटते. तिच्या खालच्या ई आणि जी मध्ये जो भार आहे तो इथे नाही आणि येणारही नाही. पण रेकॉर्डिंगवर गाण्याखाली ठेवली की ड्रेडनॉटचा खालचा पट्टा कापावा लागतो, वरची झळाळी शब्दांच्या स, श, च वर चढते. मॅहॉगनीला काही करावं लागलं नाही. ती गळ्याच्या मागे बसते, तरी प्रत्येक स्वर ऐकू येतो. मैत्रीण म्हणाली, "हिच्याबरोबर गाताना मला आवाज चढवावा लागत नाही." तिने सूर अर्धा उतरवून मागितला, कॅपो (मानेवर लावून सूर चढवायचा चिमटा) काढून उतरवला, आणि गिटार अधिकच खुलली.

वाजवण्याच्या पद्धतीबद्दल: नखापेक्षा बोटाचं मांस जास्त लागावं. पिक घ्यायचंच तर जाड, गोल कडेचं. आणि ब्रिजपासून दूर, साउंडहोलच्या मानेकडच्या कडेवर. तिथे तिचा बी तारेवरचा स्वर असा येतो की पुढचा स्वर वाजवायची घाई वाटत नाही. मी आज बराच वेळ केवळ एकेरी स्वरांच्या चाली वाजवत बसलो. ज्या गिटारवर एकटा स्वर पुरेसा वाटतो ती गिटार मला मोलाची वाटते, आणि ही तशी आहे.

१५ फेब्रुवारी

नट, म्हणजे मानेच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी. जी तार सुरात आणताना अडकून टक करायची. खाच तारेच्या मापाच्या कानशीने मोकळी केली, खुंटीकडे किंचित उतार दिला, पेन्सिलीचं शिसं घासलं. आता सरळ फिरते. बाकी खाचांची खोली ठीक: तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली की पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट राहते.

फ्रेट: पहिल्या तीन फ्रेटवर बी आणि बारीक ई खाली खाचा आहेत, पण खोल नाहीत, कुठे घरघर नाही. लेव्हलिंग, म्हणजे फ्रेट घासून एका पातळीत आणणं, केलं तर उंची सगळ्याच फ्रेटची जाईल. आत्ता करत नाही. मोकळ्या कॉर्डमध्ये आवाज बिघडू लागला तरच.

फिनिशला हात लावायचा नाही. ओरखडे पॉलिश करून मॅटचा चट्टा चकचकीत होतो, आणि जास्त थर चढवले तर टॉपचं वजन वाढतं. ते तर इथे नकोच आहे.

बाकी: ब्रेसची जागा महिन्यानंतर आरशाने पुन्हा पाहायची. फॉस्फर ब्राँझचा दुसरा संच आणून ठेवला आहे. सॅडल कोरताना उरलेला हाडाचा तुकडा त्याच माप-टिपणासह केसच्या खणात.